देवळाभोवतीचं पाणी हेही देवस्थानच

औंढ्याच्या नागनाथाची गोष्ट पाण्यातून सुरू होते. वनवासातले पांडव दारुकावनात राहत होते. त्यांच्या गाई रोज एका ठरावीक पाण्यावर जायच्या आणि तिथे उभ्या राहिल्या की सडांतून दुधाच्या धारा आपोआप पाण्यात पडायच्या. भीमाच्या हे लक्षात आलं, त्याने धर्मराजाच्या कानावर घातलं आणि पाचही भावांनी ते पाणी उपसायला घेतलं. मधोमध पोचले तर पाणी उकळत होतं. भीमाने गदेचे घाव घातले, रक्त उसळलं आणि लिंग प्रकट झालं. हिंगोली जिल्ह्यात ही कथा घरोघरी सांगितली जाते. तिचे पुरावे कुणी शोधायला जाऊ नये. पण ज्या मुलखाने ती जपली, त्या मुलखाच्या मनात देव आणि पाणी यांची फारकत झालेली नव्हती, एवढं तिच्यावरून खात्रीने म्हणता येतं.

ती फारकत आता झाली आहे. ती मोडून काढायची तर सुरुवात हिंगोलीपासूनच करायला हवी.

हिंगोलीहून परभणीच्या रस्त्याला पंचवीसेक किलोमीटरवर औंढा लागतं. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला इथे पाय ठेवायला जागा नसते. महाशिवरात्रीच्या यात्रेत नागनाथाचा रथ मंदिराभोवती फिरतो तेव्हा आसपासच्या तालुक्यांतली गावंच्या गावं इथे लोटतात. एरवीच्या दिवशी मात्र दर्शन निवांत होतं. गाभारा जमिनीखाली आहे. सभामंडपातून एका अरुंद तोंडाने खाली उतरावं लागतं. पायऱ्या उभ्या, जागा एवढीशी आणि छत इतकं बुटकं की धडधाकट माणसालाही कंबरेत वाकूनच आत शिरावं लागतं. आधी पाय चाचपायचा, मग हाताने दगडाची कड धरायची, मग हळूच डोकं आत घ्यायचं. त्या कडेला असंख्य हातांनी गुळगुळीत, किंचित तेलकट अशी झिलई आली आहे. खाली अभिषेकाच्या पाण्याची ओल असते, बेलाच्या पानांचा आणि समईच्या तेलाचा वास एकमेकांत मिसळलेला असतो आणि माणसं दाटीवाटीने बसूनच लिंगावर हात ठेवतात. इतक्या जवळून देव भेटण्याची ही रीत मोठ्या देवस्थानांतून हळूहळू कमी होत चालली आहे, म्हणून औंढ्याचं अप्रूप जास्त.

बाहेर आल्यावर भिंतीकडे नीट पाहिलं की या देवळाचं आयुष्य वाचता येतं. खालचा भाग काळ्या दगडाचा आणि पट्टीपट्टीने कोरलेला. हत्तींच्या रांगा, देवदेवता, अवतारांची शिल्पं, मध्येच एखादा झिजून ओळखू न येणारा चेहरा. वर गेलं की हात बदललेला दिसतो. काळा दगड संपतो आणि पांढरं शिखर सुरू होतं. खालचं बांधकाम देवगिरीच्या यादवांच्या काळातलं, तेराव्या शतकाच्या आसपासचं मानलं जातं. वरचं नंतरच्या जीर्णोद्धारातलं. औरंगजेबाच्या काळात देऊळ पडलं आणि अहिल्यादेवी होळकरांनी ते पुन्हा उभं केलं, असं इथे सांगतात. नंदी गाभाऱ्यासमोर नाही, देवळाच्या मागे आहे. त्याचीही कथा आहे. नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे जायला सांगितलं, ते मागे गेले, तर देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर त्यांना भेटले तेही औंढ्यातच. नामदेवांचं नरसी गाव याच जिल्ह्यात, कयाधू नदीच्या काठावर आहे.

एवढं सगळं पाहून भाविक चपला घालतात, प्रसाद घेतात आणि गाडीत बसतात. आवारातल्या पायऱ्यांच्या बारवेला लोक सासू-सुनेची बारव म्हणतात. तिच्यापर्यंत जाणारे थोडे आणि गेले तरी कठड्यावरून डोकावून परतणारे बरेच. कुंडाचं दर्शन घ्यायचं असतं हेच विसरलं गेलं आहे. पूर्वी पाय धुतल्याशिवाय, तीर्थ डोळ्यांना लावल्याशिवाय देवाकडे जायची रीत नव्हती. आता पाय धुवायला नळ आहे आणि तीर्थ पळीतून मिळतं.

यात भाविकांचा दोष कमी आहे. देवस्थान म्हणजे गाभारा, शिखर, दर्शनरांग, भक्तनिवास आणि वाहनतळ अशी व्याख्या गेल्या काही दशकांत रूढ झाली आणि सरकारी आराखड्यांनी तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. 6 मे 2025 रोजी अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दी जन्मवर्षानिमित्त राज्य मंत्रिमंडळाची बैठक त्यांच्या जन्मगावी, चौंडीला झाली. त्या बैठकीत चौंडीच्या स्मृतिस्थळासह तुळजापूर, कोल्हापूर, माहूर, त्र्यंबकेश्वर, जोतिबा आणि अष्टविनायक यांच्या विकास आराखड्यांना मिळून 5,503 कोटी रुपयांची मान्यता मिळाली. त्याच बैठकीत अहिल्यादेवींच्या काळातल्या 34 जलसाठ्यांच्या जतनासाठी 75 कोटी मंजूर झाले: 3 तलाव, 19 विहिरी, 6 घाट आणि 6 कुंडं. दुसरा निर्णय झाला याचं मनापासून स्वागत करायला हवं, कारण जुन्या पाण्यासाठी सरकारने स्वतंत्र पैसा बाजूला काढल्याची उदाहरणं फार नाहीत. पण दोन आकडे शेजारी ठेवले की प्रश्न उभा राहतो. देऊळ एका फायलीत आणि त्याचं पाणी दुसऱ्या फायलीत, हे अहिल्यादेवींना पटलं असतं का? त्यांनी जिथे देऊळ बांधलं तिथे घाट, कुंड, विहीर यांचाही विचार केला. वेरूळला घृष्णेश्वराजवळचं शिवालय तीर्थ पाहावं. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणाऱ्या त्या कुंडातच आठ छोटी देवळं आहेत. तिथे देऊळ कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ही रेघ मारून दाखवता येणार नाही.

मराठवाड्यात याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण बीड शहरात आहे. कंकालेश्वराचं मंदिर चौकोनी तलावाच्या मधोमध उभं आहे. काठावरून एका वाटेने देवळापर्यंत जायचं, दोन्ही अंगांना पाणी. देवळाचा आराखडा तारकाकृती, म्हणजे भिंत सरळ न जाता कोनाकोनाने वळत जाते. त्यामुळे उन्हाची तिरीप फिरेल तशी वेगवेगळी शिल्पं उजळतात. चालुक्य-यादव काळातलं हे काम. भिंतींवर देवता आहेत, सुरसुंदरी आहेत, त्यांचे दागिने, केशरचना, उभं राहण्याची ढब असं सगळं शांतपणे पाहावं असं आहे. पाणी भरपूर असतं तेव्हा देवळाचं प्रतिबिंब खाली पडतं आणि बांधणाऱ्याने दुसरं देऊळही हिशेबात धरलं होतं हे ध्यानात येतं. पाणी उतरलं, त्यावर शेवाळ आणि प्लास्टिक आलं, की ते दुसरं देऊळ जातं. मूळ देऊळ मात्र अर्धवट, उघडं पडल्यासारखं दिसतं.

त्याच बीडजवळ सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात बांधलेली खजाना बावडी आहे. जमिनीखालच्या नहरांतून पाणी तिच्यात येतं आणि शेतीला जातं. ती देवळाची नाही, जहागीरदाराने बांधून घेतलेली आहे. तरीही कंकालेश्वराच्या तलावाशी तिचं नातं जवळचं. मराठवाड्यात राज्य कुणाचंही असो, जो इथे टिकायला आला त्याला आधी पाण्याची व्यवस्था लावावी लागली.

देवळाभोवती किंवा देवळापुढे पाणी का ठेवत, याचं उत्तर श्रद्धेत आहे तसंच ते जमिनीतही आहे. हिंगोली, परभणी, बीड हा सगळा काळ्या बेसाल्टचा प्रदेश. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले. काही थर अखंड आणि कठीण, त्यांतून पाणी जात नाही. काही थर भेगाळलेले, सच्छिद्र किंवा मुरमाड, त्यांत पावसाचं पाणी साठतं. जुन्या बारवा या उथळ, पाणी धरणाऱ्या थरापर्यंतच खोदलेल्या असतात. पावसाळ्यात पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत येतं, उन्हाळ्यात खाली जातं आणि माणूस पाण्यामागे पायऱ्या उतरत जातो. म्हणून त्या पायऱ्या. शोभा नंतर आली. भिंतींतले कोनाडे, म्हणजे देवकोष्ठं, टप्पे, विसाव्याच्या ओवऱ्या हे सगळं त्या मूळ गरजेभोवती उभं राहिलं.

बारवेची भिंत ज्या दगडांनी बांधली आहे ते एकमेकांत घट्ट बसवलेले असतात, पण त्यांच्या सांध्यांत चुना किंवा सिमेंट भरलेलं नसतं. आपण ज्याला सरसकट हेमाडपंती म्हणतो तीच ही पद्धत. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावाने ती ओळखली जात असली तरी त्याच्याआधीच्या कितीतरी देवळांत ती दिसते. या कोरड्या सांध्यांना काम असतं. भोवतालच्या जमिनीतलं पाणी त्यांतून पाझरत बारवेत येतं. पावसाळ्यात भिंतीमागे पाण्याचा दाब वाढला की तो सांध्यांतून निघून जातो आणि भिंत शाबूत राहते.

आणि इथेच आजचं नूतनीकरण घात करतं. कंत्राटदार येतो, सांध्यांत सिमेंट भरतो, तळाला काँक्रीट ओततो, काठावर रंगीत फरशी बसवतो, वर स्टेनलेस स्टीलचा कठडा. उद्घाटनाच्या दिवशी सगळं चकचकीत दिसतं. पण झरे बंद झालेले असतात. तळातून पाणी येत नाही, बाजूने पाझरत नाही. मग टँकरने भरलेलं किंवा बोअरमधून सोडलेलं पाणी तिथे साचून हिरवं होतं. दोन-चार पावसाळ्यांत दाब न निघाल्याने भिंत पोटाला फुगते. मग पुन्हा दुरुस्तीचा प्रस्ताव. या चक्रात पैसा जातोच, शिवाय काही शतकं टिकलेलं एक चालतं यंत्र बंद पडतं. ते पुन्हा सुरू करणारे कारागीर मिळत नाहीत.

मुंबईत 2024 च्या जून महिन्यात जे घडलं त्याने डोळे उघडायला हवेत. वाळकेश्वरच्या बाणगंगेचा गाळ काढण्यासाठी कंत्राटदाराने थेट यंत्र पायऱ्यांवरून खाली उतरवलं आणि दगडी पायऱ्या फुटल्या. बाराव्या शतकात शिलाहारांच्या काळात बांधलेलं, 1715 साली राम कामतांनी पुन्हा बांधून काढलेलं हे तीर्थ. पालिकेने गुन्हा दाखल केला, पायऱ्या पुन्हा बसवल्या गेल्या. मुंबईसारख्या शहरात, माध्यमांच्या डोळ्यांसमोर, संरक्षित वास्तूत हे होऊ शकतं, तर सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातल्या एखाद्या आडगावच्या बारवेत जेसीबी उतरला तर त्याची बातमी तरी होईल का?

पाणी गेलं की देवळाचं काय होतं, त्याचा दाखला पुण्यात आहे. सारसबागेतला गणपती आजही तळ्यातला गणपती म्हणूनच ओळखला जातो. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळं करवलं, त्यात मध्ये बेट राखलं आणि सवाई माधवरावांच्या काळात, 1784 मध्ये तिथे गणपती बसवला. विसाव्या शतकात तळं आटवून बाग केली गेली. बाग सुंदर आहे, पुणेकरांचं तिच्यावर प्रेम आहे आणि ते रास्तच आहे. पण होडीतून देवदर्शनाला जाण्याची ती कल्पना गेली ती गेलीच.

एक रोकडा आक्षेप गावागावांतून ऐकू येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. नळयोजना आली, हातपंप आला, बोअर आली; आता बारवेचं पाणी कोण पिणार? शिवाय पोरं खेळता खेळता पडतात, गुरं पडतात. म्हणून लोखंडी जाळी टाकली, काही ठिकाणी बुजवली, काही ठिकाणी गावाचा कचरा आत गेला. ज्या आईचं लेकरू अशा विहिरीत पडलं तिला वारशाचं कौतुक सांगायला कुणी जाऊ नये. कठडा हवा, रात्री दिवा हवा, पोहायला कुठे उतरायचं आणि कुठे नाही हे ठरलेलं हवं. हे सगळं बारव जिवंत ठेवूनही करता येतं. धोका खरा वाढतो तो बारव बेवारस झाल्यावर. तिच्याकडे कुणी जात नाही, तिच्या पायऱ्या निखळतात आणि गवतात तिचं तोंड दिसत नाही.

राहिला पाण्याचा उपयोग. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे मराठवाडा विसरलेला नाही. पुढे सप्टेंबर 2025 मध्ये याच मराठवाड्यात अतिवृष्टीने शेतं खरवडून नेली. दुष्काळ आणि पूर अशा दोन टोकांमध्ये सापडलेल्या प्रदेशाला उथळ थरातलं पाणी टिकवणारी प्रत्येक जागा लागणार आहे. बोअर खाली शेकडो फुटांवरचं जुनं पाणी ओढते आणि ते भरून यायला फार काळ लागतो. बारव आणि तलाव मात्र वरच्या थराशी बांधलेले असतात. एका चांगल्या पावसाने ते भरतात आणि भरले की शेजारच्या विहिरींनाही हातभार लागतो. गावच्या देवळाचं कुंड कोरडं पडलं म्हणजे भोवतालच्या शिवाराची ओल खाली गेली, एवढं जुन्या माणसांना भूजलाचा अहवाल न वाचता समजत होतं.

हे काम होऊ शकतं याचं उदाहरणही फार लांब नाही. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला. त्या परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यात वालूर गाव आहे. तिथली चक्राकार बारव गाळाने आणि कचऱ्याने भरून गेली होती. महाराष्ट्र बारव मोहिमेतून प्रेरणा घेऊन गावकऱ्यांनी 2021 मध्ये ती उपसायला घेतली. टोपली, फावडं, माणसांची साखळी. गाळ निघाला, पायऱ्यांचे वळसे एकेक करून उघडे झाले आणि पाणी पुन्हा दिसलं. पुढच्या वर्षी भारतीय टपाल खात्याने महाराष्ट्रातल्या आठ बारवांची चित्रं पोस्टकार्डांवर छापली, त्यांत वालूरची बारव होती. परभणी जिल्ह्यातल्या चारठाणा, पिंगळी, आर्वी इथल्या बारवाही त्या आठांत होत्या. एका जिल्ह्याच्या चार बारवा! याच मोहिमेमुळे महाशिवरात्रीला ठिकठिकाणी बारवांच्या पायऱ्यांवर दिवे लावण्याची नवी प्रथा पडली आहे. तिच्यातून एक फार चांगली गोष्ट साधते: वर्षातून एकदा तरी सगळं गाव बारवेत उतरतं, कुठला दगड निखळलाय आणि कुठे पिंपळ उगवलाय ते लोकांच्या डोळ्यांना दिसतं.

पण सगळं कार्यकर्त्यांच्या खांद्यावर टाकून चालणार नाही. केंद्राच्या जलशक्ती मंत्रालयाने 2023 मध्ये देशातल्या जलसाठ्यांची पहिली गणना प्रसिद्ध केली. 24 लाख 24 हजार 540 जलसाठे मोजले गेले, त्यांतल्या 38 हजार 496 जागांवर अतिक्रमण आढळलं. गणना झाली हे मोठं काम. पण बुजलेली बारव, आत वस्ती झालेलं तळं अशा मोजणीत येणार कसं? जे नकाशावरून आधीच पुसलं गेलं, त्याच्यावरचं अतिक्रमणही मोजलं जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये पंजाबातल्या एका गावतळ्याच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की गावाच्या सामाईक जागा आणि तळी ही साऱ्या गावाची आहेत, तिथली अतिक्रमणं हटवण्यासाठी राज्यांनी योजना आखाव्यात. निकाल आहे, कायदा आहे. पण महसूल दप्तरात त्या बारवेची नोंद आहे का, हे बघायला तलाठ्याच्या कार्यालयात जाणारा माणूस हवा.

नामदेवांच्या जिल्ह्याने या बाबतीत एकदा अमृतसरकडे पाहावं. नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत आणि नरसीला आजही शीख भाविक मोठ्या श्रद्धेने येतात. ज्या हरमंदिर साहिबात त्या ग्रंथाचं अखंड गायन चालतं, ते पाण्याने वेढलेलं आहे. सोळाव्या शतकात गुरू रामदासांनी खोदवून घेतलेल्या सरोवराच्या मध्यभागी ते उभं आहे आणि काठापासून पुलावरून तिथे जायचं असतं. त्या पाण्यासाठी रावीवरून हंसली नावाचा कालवा आणला गेला होता. सरोवर गाळाने भरलं की ते रिकामं करून कारसेवा होते. 1923, 1973 आणि 2004 मध्ये अशा मोठ्या कारसेवा झाल्या. श्रीमंत-गरीब, शेतकरी, डॉक्टर, सैनिक, बायका, मुलं असे लोक डोक्यावर गाळाच्या पाट्या घेऊन पायऱ्या चढले. गाळ काढणं ही तिथे पूजा समजली जाते. पाणी स्वच्छ ठेवण्यासाठी गाळणयंत्रणाही आहे, म्हणजे श्रद्धेने तंत्रज्ञान दूर ठेवलेलं नाही. नरसीच्या संताचे शब्द ज्या पाण्यावरून रोज वाहतात, त्या पाण्याची एवढी निगा राखली जाते. त्या संताच्या स्वतःच्या जिल्ह्यातल्या कुंडांनी तरी मागे का राहावं? नामदेवांचं नाव तर विहिरीशीच जोडलेलं आहे: ज्ञानदेवांबरोबर तीर्थयात्रेला गेले असता वाळवंटात तहान लागली आणि त्यांनी विठ्ठलाला हाक मारताच विहीर काठोकाठ भरून आली, ही कथा वारकऱ्यांच्या कीर्तनात अजूनही रंगते.

औंढा तालुक्यात येत्या काळात वर्दळ वाढणार आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रयोगशाळेला केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली, सुमारे 2,600 कोटींचा हा प्रकल्प औंढ्याजवळच होतो आहे. देशोदेशीचे शास्त्रज्ञ येतील, रस्ते होतील, हॉटेलं उभी राहतील आणि नागनाथाच्या देवस्थानावरही नवा आराखडा येईल. हिंगोली शहरात जलेश्वर महादेव आणि त्याच्या नावाचा तलाव आहे, त्याच्या काठाचं काय करायचं हा विषयही शहराला नवा नाही. म्हणून आराखडे कागदावर उतरण्याआधीच काही गोष्टी ठरवून टाकायला हव्यात.

पहिली म्हणजे, देवस्थानाच्या कुठल्याही आराखड्याची सुरुवात पाण्याच्या नकाशाने व्हावी. कुंडात पाणी कुठून येतं, जास्तीचं कुठे जातं, त्या वाटेवर आज कुठली भिंत, कुठलं दुकान, कुठलं गटार आहे, हे भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून आधी तपासून घ्यावं. वाहनतळाची जागा त्यानंतर ठरावी, कारण नेमक्या पाणी मुरणाऱ्या उघड्या जागेवरच डांबर पडतं. बारवेच्या आणि कुंडाच्या दुरुस्तीत सिमेंटला हात लावायचा नाही, दगड मोजून-मांडून पुन्हा तसाच बसवायचा आणि हे काम इमारत बांधणाऱ्या ठेकेदाराला न देता पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली करायचं, ही अट निविदेतच लिहिलेली असावी. गाळ हाताने निघावा. शेतकऱ्यांना तो हवा असतो. धरणांचा आणि तलावांचा गाळ शेतात नेण्याची योजना राज्यात चालूच आहे, तिच्यात देवळांची तळी घ्यायला कुणाची हरकत असणार? निर्माल्यासाठी काठावर वेगळा हौद आणि त्यातून खत, एवढं तर कुठलंही संस्थान स्वतःच्या पैशांतून करू शकतं.

आणि भाविकांसाठी: दर्शनाची वाट कुंडावरून जावी. आज रांग अशी आखली जाते की बारव बाजूला पडते. ती रांग पाण्याच्या कडेने नेली, तिथे दोन ओळींची पाटी लावली आणि बसायला चार ओटे ठेवले तर तासभर ताटकळणाऱ्या माणसाला पाण्याजवळचा गारवा मिळेल आणि संस्थानाला ते पाणी घाण ठेवायची सोय उरणार नाही. ज्या पाण्यावर रोज हजार डोळे पडतात ते आपसूक स्वच्छ राहतं, कारण ते घाण झालं तर बोलणारेही हजार असतात.

गावपातळीवर तर एवढीही यंत्रणा लागत नाही. दर 1 मे रोजी ग्रामसभा असते आणि हिंगोलीकरांसाठी तो जिल्ह्याचा वाढदिवसही असतो. त्या दिवशी बारवा कोरड्या किंवा तळाला गेलेल्या असतात, म्हणजे आतलं सगळं दिसतं. प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतल्या बारवा, कुंडं, आड, देवळांची तळी यांची नावं, गट क्रमांक आणि आजची स्थिती ठरावात नोंदवावी. बुजलेल्या असतील त्याही लिहाव्यात, म्हाताऱ्यांना विचारून. तलाठ्याने ती यादी महसूल दप्तराशी ताडून पाहावी, जिल्हाधिकारी कार्यालयाने पाचही तालुक्यांच्या याद्या एकत्र करून जाहीर कराव्यात. मृग लागायला तेव्हा महिनाभराचा अवधी असतो; गाळ काढायला तेवढा पुरतो.